बाजारात आलेल्या बायकांनी जायचं कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की मुंबईतल्या मंगलदास मार्केट, मुळजी जेठा, लोहार चाळ, भुलेश्वर इथे पाय ठेवायला जागा नसते. बस्त्याच्या साड्या, ब्लाउजपीस, लेस, बांगड्या, रुखवताचं सामान, ही सगळी खरेदी बहुतेक बायकांच्याच हातून होते. या बायकांना दिवसभरात लघवीला जायचं झालं तर कुठे जावं, हे या बाजारात कोणी सांगू शकत नाही.

मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते. अस्तर, हुक, ब्लाउजचं टू बाय टू कापड आमच्याकडेही मिळतं, पण मंगलदाससारखे रंग कुठेच नाहीत. नुसता मोरपंखी म्हटलं तरी दुकानदार न कंटाळता तागे उलगडत राहतो. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून कापडाचं टोक आणि साडीचा पदर धरून गल्लीच्या तोंडाशी उजेडात यायचं, जुळवायचं, नाही जमलं तर परत आत जायचं. वेळ जातोच. दुकानदार अगत्याने चहा विचारतात, आम्ही नको म्हणतो. पाणीसुद्धा घोटभरच पितो. लोकलमध्ये सोय नसते. सीएसएमटीला उतरल्यावर एकदा आणि परतीची गाडी धरण्याआधी एकदा, एवढाच काय तो भरवसा. माझ्याबरोबर येणाऱ्या बहुतेकींना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन गेला आहे, काहींना पुन्हा पुन्हा होतो. गरोदर बाई, मधुमेह असलेली बाई, पाळी चालू असलेली मुलगी यांनी काय करायचं? आणि आम्ही निदान संध्याकाळी घरी जातो. फुटपाथवर लिंबं-मिरच्या विकणाऱ्या, दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली रोज हेच सोसतात.

या भागात खाण्यापिण्याची ददात नाही. बादशाहचा फालुदा, भगत ताराचंदची थाळी यांसाठी लोक लांबून येतात, शिवाय गल्लोगल्ली उडपी हॉटेलं आहेत. पण अशाच एका छोट्या हॉटेलात (नाव लिहीत नाही) आम्ही तिघींनी जेवून बिल दिलं आणि बाथरूम विचारलं, तर ‘फक्त स्टाफसाठी’ असं उत्तर मिळालं. माझ्या वयस्क जाऊबाई तिथून थेट सीएसएमटीपर्यंत चालत आल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

हा प्रश्न आजचा नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईतल्या संघटनांनी 2011 साली ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) मोहीम सुरू केली. ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याबाबत निर्देश दिले. क्रॉफर्ड मार्केटच्या 1869 सालच्या इमारतीची डागडुजी झाली, ते बघून मला खरंच आनंद झाला. बाजाराच्या देखणेपणाइतकीच काळजी बाजारात येणाऱ्या बाईचीही घेतली जावी.

जागा नाही हे कारण मला कळतं. काळबादेवीत नवं बांधकाम करायला मोकळा तुकडा सापडणं कठीणच. म्हणूनच जी स्वच्छतागृहं हॉटेलांत आधीपासून आहेत, ती उघडावीत. दक्षिण दिल्ली महापालिकेने 2017 साली हॉटेलं आणि रेस्टॉरंटांना हेच करायला सांगितलं होतं, आणि जास्तीत जास्त पाच रुपये घेण्याची मुभा दिली होती. मुंबईतही परवान्याचं नूतनीकरण करताना ही अट घालता येईल. हॉटेलवाल्यांची बाजूही खोटी नाही. पाणी लागतं, सफाईला माणूस लागतो. त्यासाठी महापालिकेने त्यांना पाणीपट्टीत सवलत द्यावी, आणि दारावर ‘महिलांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध’ अशी मराठी-हिंदी पाटी बंधनकारक करावी, म्हणजे प्रत्येकीला गल्ल्यावर जाऊन ओशाळं व्हावं लागणार नाही.

हॉटेलात पाच रुपये द्यायला आमची ना नाही. महापालिकेच्या स्वच्छतागृहात मात्र बायकांकडून पैसे घेऊ नयेत. दोन्हीकडे आतून लागणारी कडी, नळाला पाणी आणि भिंतीला एक मजबूत खुंटी हवी. गिऱ्हाइकाच्या रेशमी साड्यांची पिशवी ओल्या फरशीवर ठेवता येत नाही.

– ब्लाउज शिवणारी एक वाचक, डोंबिवली (पूर्व)