आधी ओला कचरा सांभाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्याला, खतडब्याला, वास येतोय, चिलटं झालीत, तर डबा बंदच करून टाकू का, असं तू विचारलंस. बंद करू नकोस. डब्यात पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे, एवढंच. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी वास ओळख. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय, म्हणजे सालं आणि देठं भरपूर पडली पण सुकं काहीच पडलं नाही. कुजक्या अंड्यासारखा असेल तर तळापर्यंत हवा पोचत नाही. उपाय दोन्हींवर जवळपास तोच. सगळा माल टबात उलटा कर, चिकटलेले गोळे हाताने फोड, जेवढा माल तेवढीच सुकी पानं किंवा पुठ्ठ्याचे तुकडे मिसळ आणि परत भर. मग त्यातला मूठभर घेऊन घट्ट दाब. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर आणखी सुकं घाल. मूठ उघडताच सगळं सुटं झालं तर थोडं पाणी शिंपड. ओल वजनाच्या 50 ते 60 टक्के लागते, आणि घरच्या घरी ती तपासायला मुठीइतकं सोयीचं साधन नाही.

कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) हवा असतो. भाजीच्या कचऱ्यात कर्ब त्याहून बराच कमी, सुक्या पानांत बराच जास्त, पुठ्ठ्यात तर कितीतरी पट. म्हणून रोज एक वाटी ओल्यावर दोन वाट्या सुकं, असा हिशेब धर. सुक्या पानांची पिशवी डब्याला टेकूनच ठेव. आणायला दुसऱ्या खोलीत जावं लागलं की ती घालणं टळतं, आणि बहुतेक खतडबे तिथेच बिघडतात. चिलटं ओल्या, उघड्या कचऱ्यावर अंडी घालतात, त्यामुळे वरचा दोन इंचांचा थर कायम सुकाच राहू दे. जाड, चपट्या, मातकट अळ्या दिसल्या तर घाबरू नकोस. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि माल कोरडा केला की कमी होतात. मुंग्या लागल्या तर उलट समज, माल फार सुकलाय.

डबा 20 लिटरचा पुरे. बाजूंना आणि तळाला बोटाएवढी भोकं पाड, खाली दोन विटा आणि एक ताट ठेव. तुकडे दोन-तीन सेंटीमीटरचे कर. तेलकट पदार्थ, मांस, दुधाचे पदार्थ नकोत. फळांवरचे स्टिकर सोलून काढ, ते प्लास्टिकचे असतात. चहाच्या बुडवायच्या कितीतरी पुड्यांच्या (टी-बॅगच्या) कागदातही प्लास्टिकचे धागे असतात, तेव्हा पुडी फाडून आतला चोथा तेवढा घाल. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्यांवरही भरवसा नको: त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या प्रकल्पातल्या 55 ते 60 अंश उष्णतेतच कुजतात आणि छोटा डबा तेवढा तापत नाही. याच कारणाने रोगट झाडाचे भाग आणि तणाच्या बियाही त्यात टाकू नकोस.

एक डबा भरला की तो मुरू दे आणि दुसरा सुरू कर. दोन-तीन महिन्यांत माल काळसर, भुसभुशीत होतो. तयार झालाय का ते बघायला मूठभर ओलसर खत पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेव. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं. आंबूस आला तर अजून मुरायला हवं. कच्चं खत मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. तयार खत चाळून एक भाग, माती तीन भाग.

आता मुळावर येते. खत करणं चांगलंच, पण वाया न घालवणं त्याहून चांगलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. हेच कचराभूमीत दडपलं गेलं की हवेविना कुजून मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. म्हणून सात दिवस एक कर: टाकलेल्या प्रत्येक खाण्याच्या वस्तूपुढे कारण लिही. ‘जास्त शिजलं’, ‘मागे राहून सडलं’, ‘उगाच आणलं’. जे कारण सगळ्यांत जास्त वेळा येईल तेवढंच आधी धर. ‘मागे राहून सडलं’ असेल तर फ्रिजचा एक पुढचा कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेव. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळ. सफरचंद आणि केळी तिच्यापासून लांब ठेव, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानं लवकर पिवळी पडतात.

ओला कचरा वेगळा निघाला की सुक्याचं अर्धं काम झालं, कारण कागद आणि प्लास्टिक खराब होतं ते बहुतेक वेळा त्याच्याच ओलीने. डबे-बाटल्या भांडी घासलेल्या पाण्यात विसळ, चांगलं पाणी वाया घालवू नकोस, आणि वाळवून ठेव. प्लास्टिकवरच्या त्रिकोणात 1, 2 किंवा 5 असेल तर ते परत वापरात जायची शक्यता चांगली. वेष्टन कागदाचं की प्लास्टिकचं कळत नसेल तर चुरगळून सोड. परत उलगडलं तर ते कागद नाही. दुकानातली गुळगुळीत पावती रद्दीत टाकू नकोस, तिला रसायनाचा लेप असतो.

नव्या कापडी पिशव्या विकत घेऊ नकोस. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे तापमानवाढीच्या दृष्टीने सुती पिशवी किमान 131 वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. घरात आहेत त्याच फाटेपर्यंत वापर, फाटल्या तर शिव.

आणि बॅटरी कुठल्याच कचऱ्यात नको. लिथियमच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव, नाहीतर दोन सेल एकमेकांना लागून आग लागू शकते. धातूच्या नाही, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या कोरड्या बरणीत साठव आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच दे.

तुझी,
आई