फ्यूजबॉक्सचा नकाशा गॅरेजवाल्यालाही मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत मी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही खोलल्या. त्यांतल्या काहींचं दुखणं अजून संपलेलं नाही.

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका शिक्षिकेची मोटार आली. रात्रीतून बॅटरी उतरायची. फ्यूजबॉक्स खाली ओढला, तर मागच्या पिना हिरव्या पडलेल्या, एक कप्लर (वायरी एकत्र जोडायचा प्लास्टिकचा प्लग) कापून टाकलेला आणि वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेली. दोन वायरी अगदी सारख्या, लाल अंगावर पांढरी रेघ. एकीत किल्ली काढली तरी करंट राहायला हवा, दुसरीत किल्ली फिरवल्यावरच यायला हवा. कुणीतरी दोन्ही एकत्र बांधल्या होत्या. शिवाय १० अँपिअरच्या जागी ३०चा फ्यूज! त्या बारीक वायरीचं प्लास्टिक वितळून शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. बाईंच्या गाडीत रोज दोन लहान मुलं बसतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

१०चा फ्यूज लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा, हे रंग सगळीकडे तेच. वायरींच्या रंगांना असा एक नियम नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जोड मारू नये. आम्ही फ्यूज काढून दोन्ही खाचांत टेस्ट लॅम्प लावतो. दिवा लागेल ती बॅटरीकडची बाजू. मग बॅटरीची वायर सोडवून दुसऱ्या खाचेपासून कप्लरच्या एकेका पिनेपर्यंत मल्टिमीटरने माग काढायचा आणि सापडेल त्या वायरीला चिठ्ठी बांधायची. कप्लर वायरीच्या बाजूने पाहिला तर पिनांचा क्रम उलटा दिसतो, इथे जुने कारागीरही चुकतात. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला तर टेस्ट लॅम्प लावूच नये.

एवढं करून त्या एका गाडीला दोन दिवस गेले. कंपनीचा नकाशा हाती असता, तर दुपारपर्यंत काम झालं असतं. झाकणाच्या आत कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं, पण त्याची वायर खाली कितव्या पिनेवर उतरते ते नसतं. तो कागद अधिकृत सर्व्हिस सेंटरवाल्यांना मिळतो, आम्ही मागितला तर ‘बाहेर देत नाही’ हे उत्तर. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, त्यात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही द्या, असं स्पष्ट म्हटलं होतं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. माझ्या टेबलावर मात्र अजून तो नकाशा आलेला नाही.

प्रत्येक मॉडेलचा पिनवार नकाशा वाजवी पैशांत कुठल्याही गॅरेजला मिळावा आणि आयटीआयच्या पोरांना त्यावरच शिकवावं, एवढी मागणी आपल्या वर्तमानपत्राने लावून धरावी. पैसे द्यायला आम्ही तयार आहोत.

बाईंच्या गाडीतल्या सगळ्या पिना मी वहीच्या पानावर काढल्या, पान लॅमिनेट करून पुढच्या कप्प्यात ठेवलं आहे. पुढे ज्याच्याकडे ती गाडी जाईल, त्याने ते आधी पाहावं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सांगली