बोट बघायला जाण्याआधी

मालवण, मंगळवार

चि. बायस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला. तू फोन ठेवलास आणि मीही परत केला नाही. रात्री तुझी आई म्हणाली, तोंडाने भांडता तेच कागदावर लिहा, निदान शेवटपर्यंत वाचेल. गुरुवारी तू गोव्याला ती बोट बघायला जाणार, म्हणून हे पत्र उद्या बापूबरोबर पाठवतोय.

आधी एक स्पष्ट करतो. बोट घेऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही. डायव्हिंगच्या पाहुण्यांना आपल्या फायबरच्या होडीतून नेण्यापेक्षा रिब, म्हणजे कडक तळाची आणि भोवती हवेच्या ट्यूबची बोट, कधीही बरी. पाण्यातून दमून आलेला माणूस होडीच्या काठाला लटकून राहतो, तोच रिबच्या ट्यूबवर पोट टाकून आत येतो. आत पाणी भरलं तरी ती तरंगते. ट्रेनिंगला असताना तूच मला वाचून दाखवलं होतंस, वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात रिअर अॅडमिरल डेस्मंड होर यांनी १९६० च्या दशकात पोरांना हाताशी धरून ही बोट कशी घडवली ते. त्यांनी पेटंट एका पौंडात तिथल्या लाइफबोट संस्थेला देऊन टाकलं, हे ऐकून मी तेव्हाच म्हटलं होतं, मोठा माणूस. माणसं वाचवायला जी बोट झाली तिला माझा कसा विरोध असेल?

माझं म्हणणं फक्त लाल दोरीचं आहे, जिचं एक टोक चालवणाऱ्याला आणि दुसरं इंजिनाच्या स्विचला असतं, माणूस पडला की इंजिन बंद. ते शेवटी लिहितो.

त्या बोटीची ट्यूब पीव्हीसीची आहे म्हणालीस आणि बोट सात वर्षांची. आपल्या उन्हात पीव्हीसी लवकर थकतं. हायपॅलॉन, म्हणजे रबरी कापडाची ट्यूब, महाग पडतं, पण ऊन आणि पेट्रोल दोन्ही सोसतं. तरी बघितल्याशिवाय नाही म्हणू नकोस. कोरडा हात ट्यूबवरून सावकाश फिरव. कुठे चिकट लागली, बोटाला पांढरं लागलं, तर समज. मालकाला सगळे कप्पे कडक भरायला सांग आणि सांधे, व्हॉल्व्ह, ट्यूब तळाला चिकटते ती रेघ, सगळीकडे साबणाचं पाणी लाव. बुडबुडे दिसतीलच. मग एकाच कप्प्याची थोडी हवा सोड आणि शेजारचा दाबून बघ. तोही ढिला पडत असेल तर आतला पडदा गेलेला आहे, आणि तो कुणी दुरुस्त करून देतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस.

त्याहून महत्त्वाचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची फळी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कोपऱ्यापासून ठोकत जा. टणक आवाज येत येत मधेच भद्द झाला तर आतलं प्लायवूड कुजलंय. इंजिनाचा पाय धरून वर उचल, बापूला फळीकडे बघत राहायला सांग. फळी इंजिनाबरोबर हलली तर नमस्कार करून घरी या.

तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल हवा, मागे निदान २० अंशांचा. सकाळी तारकर्लीला पाणी तेलासारखं असतं तेव्हा सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा सुटला की चपटा तळ पाहुण्यांच्या पाठी मोडतो. ट्रायल दुपारीच माग. पाटीवर ‘सी’ वर्ग लिहिला असेल, म्हणजे किनाऱ्यालगत, दोन मीटर लाटेपर्यंत. आपल्याला तेवढा पुरे. पण पाटीवरचा वजनाचा आकडा बघ आणि हिशोब कर. एक भरलेला सिलिंडर १५-१६ किलोचा, वर शिसं, वर माणूस. आठ पाहुणे आणि तुम्ही तिघं म्हटलं की टन झाला. सुट्टीत गर्दी असली की ‘अजून दोघं बसू दे’ म्हणणारे येतात. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. तुझा पार्टनर म्हणेल का?

इंजिनाबद्दल मी बोललो तर तू रागावू नकोस, माझा जन्म त्यात गेला. एक ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आणि बाजूला १५ चं छोटं, त्याची टाकी वेगळी. दोन इंजिनं एकाच टाकीवर असली तर घाण पेट्रोलने दोन्ही एकदम बंद पडतात. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर पहिल्याच दिवशी बसवायचा, आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून आठवडा काढायचा नाही.

शिकवायला लागलो बघ. माफ कर. ड्रममध्ये इंजिन सुरू करून आवाज ऐकायला मीच तुला स्टुलावर उभं करायचो. कार्ब्युरेटरचा जेट तुंबलाय हे तू चौथीत असताना माझ्याआधी ओळखलं होतंस. गिऱ्हाईक बघतच राहिलं. आणि डिसेंबरात तो पुण्याचा माणूस खाली घाबरला, त्याने तुझ्या तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर ओढला आणि तरी तू त्याला वर आणलंस, हे घरात तू सांगितलं नाहीस, मला जेटीवर कळलं. मी तिथे काही बोललो नाही. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. अभिमानाने की भीतीने, तुझ्या आईने विचारलं, मला सांगता आलं नाही.

म्हणून दोरी. तू म्हणालीस, दिवसातून पन्नास वेळा अँकरकडे, शिडीकडे जावं लागतं, कितीदा लावणार. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडात पॅडस्टोजवळ आठ मीटरची रिब वळताना घरची सहाही माणसं एकदम बाहेर फेकली गेली. इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं, दोरी कुणाला लावलेलीच नव्हती. रिकामी बोट गरगरत त्यांच्यावरूनच फिरली. वडील गेले आणि आठ वर्षांची मुलगी गेली. देवबागच्या संगमावर वाळूच्या पट्ट्यापाशी लाट आडवी उठते ती तू पाहिली आहेस. आप्पाचं मी लिहीत नाही.

मांडीला गुडघ्याच्या वर बांध, मनगटापेक्षा ती बरी, स्टिअरिंगला अडकत नाही. रोज सकाळी इंजिन चालू असताना ओढून बघ, बंद पडलंच पाहिजे. आणि दुसरी दोरी बोटीवर ठेव. तू पाण्यात गेलीस तर पहिली तुझ्याबरोबर जाईल, मग मागे राहिलेल्यांनी इंजिन सुरू करून तुझ्याकडे यायचं कशाने? पार्टनरलाही ते करून दाखव, नुसतं सांगू नकोस.

पैशांचं मी बघितलंय, धाकट्याच्या फीला हात लावलेला नाही. मेरीटाईम बोर्डाचे सर्व्हेचे आणि नोंदणीचे कागद मूळ बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस, फोटोकॉपी चालणार नाही. ट्रान्समचे फोटो जवळून काढून पाठव, इंजिनाचा नंबर दिसेल असा एक काढ. मी दुकानात असेन, फोन उचलेन.

तुझे बाबा

ता. क. आईने सोलकढीची आगळ बापूकडे दिली आहे. बाटली उभी ठेव.