भाचरांना आमच्या घरी वाढू देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली आणि भाचरांच्या संगोपनाची आमची फाइल दुसऱ्या समाजकार्यकर्तीकडे गेली, हे कळल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते. ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुमच्यासारख्यांचे काम फाइलबाहेर कोणी वाचत नाही आणि ज्यांनी वाचायला हवे, ते बहुतेक इमारतींच्या उद्घाटनालाच येतात.

माझी बहीण गेली, पाठोपाठ भावजींचा मानसिक आजार बळावून ते इस्पितळात दाखल झाले, तेव्हा त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा यांचे काय करायचे, हे नातेवाइकांनी आपापसांत ठरवूनही टाकले होते: दोघांना चांगल्या संस्थेत ठेवावे, तिथे खाण्यापिण्याची आणि शिक्षणाची सोय होते, शिस्तही लागते. असे म्हणणाऱ्यांपैकी कोणी वाईट नव्हते. आम्हाला मुले हवी होती. पण दोन खोल्यांचे घर, यजमानांची हंगामी मिळकत आणि पदरी स्वतःचे लहान मूल, एवढ्यावर ती आमच्या स्वाधीन कोण करणार, असे वाटत होते. आम्हाला जमेल का, हे तुम्ही पहिल्या भेटीत विचारलेच नाही. जमण्यासाठी काय काय लागेल, याची यादी करायला बसलात. माझ्या सहीला शाळेत आणि दवाखान्यात मान मिळावा म्हणून तात्पुरत्या ताब्याचा आदेश, दरमहा संगोपनाचे अनुदान, जवळच्या शाळेत प्रवेश आणि मला अधूनमधून उसंत मिळावी म्हणून मुलांना काही तास सांभाळणारे विश्वासाचे माणूस, असे सारे त्या यादीत होते आणि त्यातले बरेचसे तुम्ही मिळवूनही दिलेत.

हे तुमचे औदार्य नव्हे, असे तुम्हीच बजावत होतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 साली पर्यायी संगोपनाबाबत स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की केवळ गरिबीच्या कारणाने मुलाला कुटुंबातून काढू नये, ते कुटुंबाला आधाराची गरज असल्याचे लक्षण मानावे. आणि तसेच सबळ कारण असल्याशिवाय भावंडांची ताटातूट करू नये. तत्त्वे कागदावर चांगलीच असतात. ती आमच्या दोन खोल्यांत कशी बसवायची, हे तुम्हाला ठाऊक होते.

माझ्या सासऱ्यांना मात्र ते पटत नव्हते. त्यांना तुम्ही रुमानियाच्या राजधानीतल्या, बुखारेस्टमधल्या अभ्यासाविषयी सांगितलेत. 2000 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात संस्थांमधल्या 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून प्रतिपालक, म्हणजे परक्या मुलांना आपल्या घरी सांभाळणाऱ्या, कुटुंबांत पाठवले गेले आणि पुढे त्यांची बुद्धी व जिव्हाळा जोडण्याची क्षमता संस्थेच्या वाट्याला आलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली; जी मुले दोन वर्षांची होण्याआधी अशा घरी गेली, त्यांना विशेष लाभ झाला. “तिथे पोटभर मिळत नव्हते का?” असे सासऱ्यांनी विचारले. “मिळत होते, पण भरवणारी माणसे पाळीनुसार बदलत होती,” असे तुम्ही म्हणालात. त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

तुम्ही आमचीही कसून पारख केलीत. मुलीशी एकटीशी बोललात, शेजाऱ्यांकडे चौकशी केलीत, आम्ही मुलांवर हात उगारतो का, हे तोंडावर विचारलेत. सख्ख्या मावशीला हे विचारावे, याचा मला तेव्हा रागच आला होता. पण रक्ताचे नाते असले म्हणजे घर सुरक्षित असतेच असे नाही, हे तुम्हाला पाहावे लागते. काही मुलांना घरापासूनच वाचवावे लागते, काहींना लहानशा निवासगृहाची खरोखर गरज असते, हेही तुम्ही कधी लपवले नाहीत, आणि संस्थांत राबणाऱ्या माणसांविषयी तुमच्याकडून वावगा शब्द ऐकल्याचे मला आठवत नाही.

सर्वांत मोठे ऋण त्यानंतरच्या गृहभेटींचे आहे. मुलगी भावाला भरवल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात लावत नसे, रात्री उठून त्याचे पांघरूण सारखे करी. तिच्या आईच्या आजारपणापासून ती त्याची आईच होऊन बसली होती. मी तिला “तू खेळायला जा” म्हणत असे आणि ती त्याला अधिकच घट्ट धरून बसत असे. तुम्ही सुचवलेत, की ते काम तिच्याकडून हिसकावू नका, तिच्यासोबत करा. पहिला घास तिने भरवावा, पुढचे मी. काही महिन्यांनी एके दिवशी भाऊ जेवत असताना ती उठून बाहेर गेली आणि दोरीवरच्या उड्या मोजू लागली. हे कोणत्याही अहवालात प्रगती म्हणून नोंदले जात असेल का, कोण जाणे. तुम्ही मात्र ते वहीत लिहून घेतलेत.

वडिलांच्या भेटींबद्दल आपले एकमत नव्हते. भेटीनंतर धाकटा अंथरूण ओले करी, म्हणून त्या थांबवाव्यात, असे माझे मत होते. तुम्ही त्या थांबवल्या नाहीत. संध्याकाळऐवजी सकाळी ठेवल्या, पुढची भेट केव्हा, हे निरोप घेण्याआधीच मुलांना सांगायला लावलेत, आणि वडील आजारी आहेत, त्यांनी मुलांना टाकलेले नाही, हे त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत समजावलेत. भावजी आता औषधे नियमित घेतात. मुले त्यांच्याकडे परततील की नाही, हे अजून ठरलेले नाही. पण ती परतलीच तर अनोळखी माणसाकडे जाणार नाहीत.

नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात आमचे उदाहरण सांगण्याची परवानगी तुम्ही मागितली होती. आमची संमती आहे, खरी नावे तेवढी वगळावीत. मुलीलाही विचारले; तिची एकच अट आहे, की भावाचे खोटे नाव ती स्वतः ठरवणार. तिने ते ठरवले आहे, पण फक्त तुम्हालाच सांगणार म्हणते, तेव्हा सवडीने तिला फोन करावा.

आपली कृतज्ञ,
दोन भाचरांची मावशी