कोल्हापूरही एकटीनं, पायी बघता यावं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मंगळवार पेठेत गेली तीस वर्षं ब्लाऊज शिवते. मागच्या महिन्यात भजनी मंडळाबरोबर हरिद्वारला गेले होते. परतीची निजामुद्दीन-कोल्हापूर गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, त्यामुळं दिल्लीत आख्खा दिवस हाती आला. बाकीच्या बायका करोल बागेत खरेदीला निघाल्या. मी मात्र एकटीनं शहर बघायचं ठरवलं. वय 58, परगावात एकटी फिरायची ही पहिलीच वेळ.

भीती वाटली ती मेट्रोच्या जिन्यापर्यंत. पहिला डबा बायकांचा असतो, फलाटावर तशी गुलाबी खूण असते. तिथं उभी राहिले आणि जीव भांड्यात पडला. आधी जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय गाठलं. मोहेंजोदडोची नर्तकी मला मोठी असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर, माझ्या शिलाईच्या कात्रीहून लहान. डाव्या हातात दंडापर्यंत बांगड्या. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या एकेक घडवल्या. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते.

आणि तिथंच आठवलं, अशीच एक छोटी मूर्ती आपल्याकडंही आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, टाऊन हॉलच्या संग्रहालयातला. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठचा व्यापार पार रोमपर्यंत होता, त्याची खूण. शाळेच्या सहलीत बघितला होता, त्यानंतर कधीच नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असून!

दुपारी सेंट्रल सेक्रेटरिएटहून जांभळ्या लाइननं दोन स्टेशनं, तिथून रिक्षानं हुमायूनची कबर. ताजमहालाच्या कितीतरी आधी एका बेगमेनं नवऱ्यासाठी बांधून घेतलेली. दगडी जाळीतून उन्हाची नक्षी फरशीवर पडली होती. बागेत बसून डबा खाल्ला. प्यायला पाणी, बसायला जागा, स्वच्छतागृह, पाट्या सगळं जागच्या जागी. कुणाला काही विचारावं लागलं नाही. एकट्या बाईला याचं मोल किती, हे एकट्या बाईलाच कळतं.

परत आल्यावर एका दुपारी मशीन बंद ठेवून टाऊन हॉलला गेले. पोसायडन बघितला, आबालाल रहिमान यांची चित्रं बघितली. पण अंबाबाईच्या देवळापासून तिथवर चालताना मला वाट दाखवणारी एक पाटी दिसली नाही. रोज हजारो माणसं दर्शनाला येतात, प्रसाद घेतात आणि जोतिबाकडं निघून जातात. 1949 मध्ये विलीन होईपर्यंत हीसुद्धा एका संस्थानाची राजधानीच होती, हे त्यांना कुठं कळणार?

ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. भवानी मंडप, खासबागेचं कुस्ती मैदान, टाऊन हॉल, ब्रह्मपुरी, पंचगंगा घाट अशी पायी फिरायची एक वाट आखा. वळणावळणावर ठळक मराठीत पाट्या, सावलीत बाकडी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं आणि पिशव्या ठेवायला एक खोली. पहिली पाटी बिंदू चौकात लावा, बाहेरगावच्या गाड्या तिथंच थांबतात.

आपली नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर