तुझ्या यादीत ब्रेक नाहीत

प्रिय ठमाबाई,

गाडीची ताकद वाढवायला काय काय बसवायचं, ती तुझी यादी वाचली. टर्बो किट (इंजिनात हवा दाबून भरणारं), मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, कोन फिल्टर (डब्याशिवाय बसणारा उघडा एअर फिल्टर), चिप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारी). ब्रेकचं नाव नाही, क्लचचं नाही आणि इंजिनाची आजची तब्येत कशी आहे याबद्दल तर अवाक्षर नाही. गाडी जुनी, बजेट बेताचं, आणि तुला पिकअप हवाय, हे सगळं मान्य. फक्त पैसे घालण्याचा क्रम मी जवळजवळ उलटा लावीन.

कागदावर ६० हॉर्सपॉवर असलेलं इंजिन इतक्या वर्षांनी तेवढी देत असेलच असं नाही. त्यातली हरवलेली परत मिळवणं हे नवीन कमावण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतं. तुझ्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटरची केबल आहे ना, मग तिथूनच सुरुवात कर. इंजिन बंद ठेवून थ्रॉटलवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) हवेचा पाइप काढ, कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांग आणि आतली चकती पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघ. केबल सैल पडली असेल किंवा पेडलखाली मॅट अडत असेल, तर चकती अर्धवट उघडून थांबते आणि आपण बिचाऱ्या इंजिनाला नावं ठेवत बसतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. ही केल्याशिवाय एकही पार्ट घ्यायचा नाही. इंजिन गरम कर, सगळे स्पार्क प्लग काढ, पेट्रोलचा पुरवठा आणि इग्निशनचं कनेक्शन बंद कर, दाब मोजायचं गेज प्लगच्या भोकात बसव. पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मार आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत फिरव. पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १३ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास येतो. नेमका किती हवा ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तीन बारा-बारा दाखवतायत आणि चौथा नऊवर अडकलाय, तर त्या चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग). शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केटवरच संशय धर. काढलेले प्लग लगेच फेकू नकोस, क्रमाने मांडून ठेव. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय.

टॅपेट, फ्युएल फिल्टर, टायरची हवा ही नेहमीची कामं तुझे गॅरेजवाले करतीलच. त्यांना थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) तेवढा आवर्जून बघायला सांग. तो उघडा अडकला असेल तर इंजिन कधी नीट तापतच नाही आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, थंड इंजिन समजून पेट्रोल ओतत राहतो. आणि गाडी चालवून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघ (लावू नकोस, भाजेल). एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय, म्हणजे आहे ती ताकदही तिथेच जळतेय.

आता तुझ्या यादीकडे. कोन फिल्टर आवाज झकास देतो, पण बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के विरळ होते. कंपनीचा एअर बॉक्स दिसायला गबाळा असला तरी बहुतेक गाड्यांत बाहेरची थंड हवा घेतो. त्यात नवा फिल्टर घाल नि विषय संपव. सायलेन्सरचा पाइप गरजेपेक्षा मोठा केलास तर खालच्या आरपीएमला गाडी उलट मठ्ठ होते. चिपची जाहिरातबाजी टर्बो गाड्यांना शोभते, कारण तिथे प्रेशर वाढवता येतं. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात रीमॅपने, म्हणजे ही सेटिंग बदलून, थोडीफारच वाढ मिळते.

टर्बो मात्र खरंच ताकद देतो. अर्धा बार जास्तीचं प्रेशर म्हणजे हिशेबाने दीडपट हवा. पण तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशनचं प्रमाण घडणीतच वरचं, त्यात ही दाबलेली गरम हवा गेली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) सुरू आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. ते टाळायला इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर, ट्यूनिंग आणि तग धरणारा क्लच लागतो. किटच्या खोक्यावर जो आकडा असतो तो फक्त निमंत्रणाचा. लग्नाचा खर्च पुढे.

तरीही भूक असेलच, तर त्याच घराण्यातलं मोठ्या सीसीचं इंजिन शोध. बऱ्याच छोट्या गाड्या दोन-तीन इंजिनांत निघायच्या आणि माउंटिंग, गिअरबॉक्स बरेचदा जुळतात. भंगारात निघालेली अख्खी गाडीच मिळाली तर उत्तम, कारण ईसीयू, वायरिंग आणि ब्रेक जोडीने येतात. बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील बदलून घे; इंजिन बाहेर असताना ते काम निम्म्या त्रासात होतं. आणि त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट, हे सांगायला नको.

ब्रेकचा हट्ट मी का धरतोय? १९६१ साली मिनी कूपर आली. मूळ मिनीचं ८४८ सीसीचं, ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन ९९७ सीसी आणि ५५ वर नेलं, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. ताशी ८० ऐवजी १०० वरून थांबायचं तर ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. निदान ब्रेक ऑइल तरी ताजं घाल. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग तापल्यावर उकळतं. इंजिन बदललंस तर नोंदणी आणि विमा दोन्हीकडे लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

दरम्यान एक फुकटचा उपाय. तू चढावर चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर पेडल दाबत बसतेस. अशा इंजिनाची पूर्ण ताकद साडेपाच-सहा हजारांच्या आसपास असते. दोन गिअर खाली ये! आणि डिकीतलं सामान उतरव. ९०० किलोच्या गाडीतून ५० किलो कमी झाले तर पिकअपला साडेतीन हॉर्सपॉवर वाढल्यासारखंच. स्टेपनीला हात लावायचा नाही.

गेज माझ्याकडे आहे, कुरियर करतो. चारही आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिहून पाठव. ऑइल टाकून घेतलेले वेगळे लिही. त्यानंतर टर्बोवर भांडू.

तुझा,
बाबा