चार आण्याच्या तबकडीला बारा आण्याचं पाकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीवरचा लेख वाचला. मराठी पुरवणीत या विषयाला पाऊण पान मिळालं, याबद्दल मनापासून आभार. आभार इथे संपले.

न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाच्या 'ब्लू मंडे' या रेकॉर्डच्या पाकिटाने कंपनी बुडवली, हे विधान लेखात तीनदा येतं: मथळ्याखाली, चौकटीत आणि शेवटच्या परिच्छेदात. तीनदा छापलं म्हणून ते खरं होत नाही. प्रतीमागे तोटा किती, यावर सांगणाऱ्यांचंच एकमत नाही. कोणी पाच पेन्स म्हणतं, कोणी दहा. आपण दहा धरू. खप दहा लाखांचा धरू आणि प्रत्येक प्रत त्याच महागड्या पाकिटातून गेली असंही धरू. झाले एक लाख पौंड. रेकॉर्ड निघाली मार्च १९८३ मध्ये आणि कंपनीचं दिवाळं वाजलं नोव्हेंबर १९९२ मध्ये. एका पाकिटाने जीव घ्यायला साडेनऊ वर्षं लावली, असं लेखकाचं म्हणणं असावं. शिवाय ते पाकीट पुढच्या आवृत्त्यांत बदललं, भोकं गेली, खर्च उतरला. हे लेखात कुठेच नाही.

मुळात तोटा का झाला हेही नाही. 'डिझाइन खर्चिक होतं' एवढंच. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही प्रेसवाल्याला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत समजावलं असतं. फॅक्टरीचा डिझायनर पीटर सॅव्हिल याच्या त्या पाकिटाला आरपार भोकं होती आणि त्यांतून आतलं चंदेरी पाकीट दिसायचं. छापलेल्या पुठ्ठ्याला भोक पाडायचं म्हणजे डाय-पंचिंग. लाकडी फळीत पोलादी पाती वाकवून बसवायची, छपाई वाळली की प्रत्येक ताव त्या डायखालून पुन्हा काढायचा, अडकलेले तुकडे झाडायचे, मग क्रीझिंग म्हणजे घडीच्या रेषा, मग पेस्टिंग म्हणजे डकवणं. ताव दोन मिलिमीटर सरकला की भोक छपाईच्या रेषेवरून घसरतं आणि माल रद्दीत. पाती बोथट झाली की कडेला पुठ्ठ्याचे धागे सुटतात, पुन्हा रद्दी. त्यात आतलं पाकीटही साधं पांढरं चालत नाही, कारण ते भोकातून दिसणार.

आता खरी मेख. छपाईच्या प्लेटा आणि डाय यांचा खर्च एकदाच होतो. प्रती वाढल्या की तो वाटला जातो आणि प्रतीमागे नगण्य होतो. पंचिंग, झाडणं, डकवणं आणि वाया जाणारे ताव यांचा खर्च मात्र प्रत्येक प्रतीला चिकटलेला असतो. दहा हजार काढा नाहीतर दहा लाख, तो फारसा हलत नाही. म्हणून विक्रीची किंमत या खर्चाच्या खाली लागली की खप वाढेल तसा तोटाही वाढत जातो. काही हजार प्रतींत ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. रेकॉर्ड इतकी खपेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, आणि छापखान्याचा दर आधी विचारून मग विक्रीची किंमत ठरवण्याची पद्धत त्या कंपनीत नव्हती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

लेखात या पाकिटाला 'साडेतीन इंची फ्लॉपीची नक्कल' म्हटलं आहे. फ्लॉपी म्हणजे जुन्या संगणकांत माहिती साठवायची चकती. साडेतीन इंची फ्लॉपी कडक प्लास्टिकची, तिच्या तोंडावर सरकणारी धातूची पट्टी. तिची नक्कल करायला पुढून आरपार भोक पाडायची गरजच काय? नक्कल होती सव्वापाच इंची, लवचिक फ्लॉपीची. तिच्यात मध्ये मोठं गोल भोक असतं, शेजारी बारीकसं इंडेक्सचं आणि खाली लांबट खाच, जिथून माहिती वाचणारं हेड चकतीला टेकतं. ही भोकं आहेत म्हणून डाय, डाय आहे म्हणून खर्च, खर्च आहे म्हणून लेखकाचा मथळा. फ्लॉपी चुकली की मथळ्याचा आधारच गेला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बँकेत किंवा एलआयसीत काम केलेले शेकडो वाचक आपल्याकडे आहेत, एकालाही दाखवलं नाहीत?

कंपनी बुडाली ती दोन गोष्टींनी: इमारती आणि कागद. इमारती होत्या, कागद नव्हते. हॅसिएंडा हा कंपनीचा नाचगाण्याचा क्लब २१ मे १९८२ला उघडला. त्याच्या खर्चाला न्यू ऑर्डरच्या रेकॉर्डचे पैसे वर्षानुवर्षं जात राहिले. वाजवणाऱ्यांनी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्लब तुडुंब भरू लागला तेव्हाही गल्ला रिकामाच, कारण नाचणारी पोरं एक्स्टसी या अमली पदार्थाच्या गोळ्यांवर होती आणि बारवर दारूऐवजी पाणी मागत होती. क्लब जगतो तो बारच्या विक्रीवर. त्यानंतर १९९० मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर नवं कचेरीघर आलं, तेही ऐन मालमत्तेचे भाव कोसळायच्या तोंडावर. जी कंपनी १९७८ साली संस्थापकांपैकी अ‍ॅलन इरॅस्मसच्या पॅलटाइन रोडवरच्या फ्लॅटमधून चालायची, तिच्या नव्या कचेरीत आता तारांवर टांगलेलं मीटिंगचं टेबल. हे टेबल लेखात आहे हो, फोटोसकट. कर्जाचा मात्र उल्लेख नाही.

कागदांचं असं की, बहुतेक वाद्यवृंदांशी रीतसर करारच नव्हते. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि ध्वनिमुद्रणांची मालकी कलाकारांची. कंपनीचा एक संस्थापक टोनी विल्सन याने हे स्वतःच्या रक्ताने लिहून दिलं, अशी कथा तो स्वतःच रंगवून सांगायचा. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली, तेव्हा विकायला ठेवणार काय, हा प्रश्न पडला. गाणी कंपनीची नव्हतीच. सौदा फिसकटला आणि लंडनने थेट कलाकारांशी बोलणी केली. कलाकारांच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम, सावकाराच्या दृष्टीने भयानक. फॅक्टरीच्या इतिहासातला सगळ्यात विचार करण्याजोगा भाग हाच, आणि त्याला लेखात दीड ओळ.

'स्वतंत्र' या शब्दाचंही तेच. लेखक त्याचा अर्थ 'छोटी आणि बंडखोर' असा लावतात. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र कंपन्यांची वेगळी खपयादी निघू लागली. तीत यायची अट एकच: माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून दुकानात जाता कामा नये. कंपनी लहान की मोठी, बंडखोर की बापुडवाणी, याच्याशी संबंध नाही. ट्रक कोणाचा, एवढाच प्रश्न.

कंपनी आपल्या सूचीत जे 'फॅक' क्रमांक देत असे, त्यांना लेखात 'रेकॉर्डचे अनुक्रमांक' म्हटलं आहे. पहिलाच क्रमांक रेकॉर्डचा नाही. फॅक १ हे भित्तिपत्रक आहे, सॅव्हिलने केलेलं, आणि तेही कार्यक्रम उलटून गेल्यावर हातात पडलेलं. फॅक ५१ क्लब, फॅक ६१ कंपनीच्या रेकॉर्डचा निर्माता मार्टिन हॅनेट याने कंपनीवरच भरलेला दावा, फॅक १९१ क्लबातलं मांजर. फॅक ५०१ विल्सनची शवपेटी, २००७ सालची, म्हणजे कंपनी मिटून पंधरा वर्षांनी. आपल्यावरच्या खटल्याला आपल्याच सूचीत क्रमांक देणाऱ्या माणसांकडे हिशेबाची वही कशी असणार, हे यावरून लेखकाला सुचायला हरकत नव्हती.

जाता जाता: क्लबचं नाव एकाच लेखात 'हॅसिएंडा', 'हकिंडा' आणि 'हेसिन्दा' असं तीन तऱ्हांनी आलं आहे. मुद्रितशोधकाची जागा भरली नसेल तर तसं सांगा. आणि गेल्या खेपेस वाचकपत्रातले आकडे गाळून विशेषणं तेवढी ठेवली होती, या खेपेस उलट करावं.

शेवटी चित्राबद्दल. पाकिटावर समोर ना गाण्याचं नाव, ना वाद्यवृंदाचं. कडेला रंगीत चौकटींची उभी पट्टी आहे आणि मजकूर तिच्यात सांकेतिक रूपात आहे. उकलायची किल्ली दुसऱ्याच रेकॉर्डच्या मागे, 'पॉवर, करप्शन अँड लाइज'च्या पाकिटावर, रंगचक्र म्हणून छापलेली. आपण हे पाकीट कृष्णधवल छापलं आणि खाली ओळ दिली, 'रंगांची सांकेतिक भाषा पाहा'. काय पाहायचं? करड्यात लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. पान रंगीत नव्हतं असंही नाही, त्याच पानावर खाली गृहप्रकल्पाची जाहिरात चारही रंगांत आहे. हॅसिएंडा २००२ मध्ये पाडून तिथेही फ्लॅटच बांधले आणि इमारतीला नाव क्लबचंच दिलं, तेव्हा जाहिरात अगदीच विषयाबाहेरची नव्हती म्हणा.

दुरुस्ती छापणार असाल तर चित्र रंगीत छापा, आणि रकान्यात बसवताना त्याची कड कापू नका. मजकूर कडेलाच आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे